‘आय सेव्हन घ्या, बोर्ड कुठलाही चालतो’ : नाही चालत

आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबाखाली एक फॉरवर्ड येऊन पडला. ‘डेस्कटॉप घेताना फसू नका’ असं ठळक अक्षरांत, आणि खाली चार सल्ले. इंटेलचा आय सेव्हन प्रोसेसरच घ्या. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी, कुठलाही चालतो, त्याचा वेगाशी संबंध नाही. रॅम एकाच मोठ्या स्टिकमध्ये घ्या. सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, जुळलं की प्रोसेसर चालतोच. आठवड्याभरात तोच मेसेज मावशीकडूनही आला. मग पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातच गाठलं. “अरे, लॅमिंग्टन रोडला बारा हजारांत आय सेव्हन, सोळा जीबी रॅम आणि नवा कोरा बोर्ड मिळतोय. घेऊन टाकू का आमच्या पोराच्या कॉलेजसाठी?”

मी म्हटलं, काकू, आय सेव्हनच्या पुढचा आकडा वाचा. त्यांनी चष्मा वर करून मोबाइल डोळ्यांजवळ नेला. ३७७०.

पहिला सल्ला इथेच निकालात निघतो. आय सेव्हन हे आडनाव आहे, वय नव्हे. ३७७० हा तिसऱ्या पिढीचा, २०१२ सालचा प्रोसेसर. चार कोअर (काम करणारे मेंदू), आठ थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). २०२२ साली आलेल्या आय थ्री १२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, पण तो या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे कॉलेजच्या पहिल्याच वर्षी पोरगं जुगाड शोधत बसणार.

आकड्यामागचं अक्षरही वाचा. आय फाइव्ह १२४०० आणि १२४०० एफ यांत फरक एवढाच, की एफवाल्यात ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचं चित्र बनवणारा भाग, नाही. माझ्या आत्येभावाने एफ घेतला, वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं नाही, आणि एक अख्खा रविवार ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून मॉनिटरच्या वायरी बदलत बसला. बोर्डावर एचडीएमआयचं भोक आहे म्हणून त्यातून चित्र येईलच असं नाही. ते चित्र प्रोसेसर बनवतो.

आता बोर्ड. फॉरवर्डमधलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. काकूंना दाखवलेला ‘नवा कोरा’ बोर्ड एच ६१ चिपसेटचा होता. चिपसेट म्हणजे बोर्डाचा कारभार पाहणारी चिप. चिपसेट २०११ चा, बोर्ड तेवढा अलीकडे बनवलेला. जुन्या प्रोसेसरना गिऱ्हाईक मिळावं म्हणून असे बोर्ड बाजारात येत राहतात. त्यावर रॅमचे स्लॉट दोन, तेही डीडीआर ३ या जुन्या पिढीच्या रॅमचे, आणि कमाल मर्यादा सोळा जीबी. म्हणजे घर घेतलं त्याच दिवशी माळा भरलेला. त्या चिपसेटचे साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) ३ गिगाबिटचे, त्यामुळे आजची साधी साटा एसएसडीसुद्धा तिथे जेमतेम अर्ध्या वेगाने चालते. वेगाशी संबंध नाही म्हणे!

नव्या बोर्डातही हा संबंध सुटत नाही. पॉवर सप्लाय १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला लागतात साधारण एक-सव्वा. हा उतार करणारी मंडळी सॉकेटच्या बाजूला बसलेली असतात, त्यांना व्हीआरएम म्हणतात. आय सेव्हन १२७०० वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी जोरात आला की तो १८० वॉटपर्यंत ओढू शकतो. असा प्रोसेसर व्हीआरएमवर हीटसिंकही (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) नसलेल्या सगळ्यात स्वस्त एच ६१० बोर्डावर बसवा, मे महिन्यात पंख्याखालच्या दहा बाय बाराच्या खोलीत तासभराचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावा. व्हीआरएम तापतं, बोर्ड वीज आखडती घेतो आणि प्रोसेसरचा वेग उतरतो. पैसे आय सेव्हनचे, काम आय फाइव्हचं.

याचा अर्थ झेड मालिकेचा झगमगीत बोर्ड घ्या असा नाही. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, करणार नसाल तर त्यावर पैसे घालवू नका. १२१०० किंवा १२४०० ला साधा एच ६१० सुद्धा पुरतो, फक्त त्यावर रॅमचे स्लॉट बहुधा दोनच असतात हे माहीत असू द्या.

रॅमच्या सल्ल्यात अर्धं तथ्य आहे. हात आखडता असेल तर आज सोळाची एक स्टिक आणि पुढे तशीच दुसरी, हे चालण्यासारखं आहे, विशेषतः २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चढल्यानंतर. पण वेगासाठी एकच स्टिक बरी, हे खोटं. प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते असतात, एका स्टिकवर त्यातला एक बंद. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर फटका जास्त, कारण चित्रासाठीही तीच रॅम वापरली जाते. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ यांची खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा ‘जोर लाव, बसेल’ म्हणणाऱ्याच्या हातात स्टिक देऊ नका.

राहिलं सॉकेट. इंटेलच्या सहाव्या ते नवव्या पिढीपर्यंत सॉकेटचं नाव एलजीए ११५१ च होतं, पण आठवी-नववी पिढी जुन्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर अधिकृतपणे चालत नाही. एलजीए १७०० वर बारावी ते चौदावी पिढी बसते, मात्र बाराव्या पिढीच्या वेळचा बोर्ड असेल तर चौदावीसाठी आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करावा लागतो. तो दुकानातच करून मागा. एएमडी या दुसऱ्या कंपनीचं २०२२ चं एएम ५ सॉकेट घेतलंत तर रॅम डीडीआर ५ च घ्यावी लागेल.

काकूंनी शेवटी १२१००, डीडीआर ४ चा बी ७६० बोर्ड आणि आठ-आठच्या दोन स्टिक घेतल्या. ग्रँट रोड स्टेशनवरून खोकं टॅक्सीत घालून आणलं. घरी झाकण काढलं तर दुकानातल्या पोराने दोन्ही स्टिक पहिल्या-दुसऱ्या स्लॉटमध्ये शेजारी-शेजारी खोचलेल्या, म्हणजे दोघी एकाच रस्त्यावर. काकूंच्या मुलाने वीज बंद केली, चिमटे उघडले आणि त्या दुसऱ्या-चौथ्यात बसवल्या. काकू बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, “आणि मी त्याला वीस रुपये चहाला दिले!”