गाडी चालू आहे का बंद?

जुनी गाडी काढून नवीन घ्यायची असं ठरलं तेव्हा आमच्या घरात वादाचा मुद्दा एकच होता, रंग. बायकोला पांढरी नको होती, मला लाल नको होती आणि मुलीला गाडीत आम्ही दोघं नको होतो. हे सगळं दोन दिवसात मिटलं असतं पण तेवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, त्यांना कुठल्याही विषयातलं पहिलं वाक्य पक्कं माहीत असतं, दुसरं नसतं.

"अरे हायब्रिड घे सरळ. पेट्रोल पण आणि करंट पण."

"म्हणजे चार्जिंगला लावायला लागते?"

"लागते म्हणजे... तशी लागत नाही. लागली तर लागते."

एवढं बोलून दाजी घरी गेले आणि मी पुढचे दोन महिने झोपलो नाही.

मी वही केली. हो वहीच, मोबाईलमध्ये लिहिलं की मला ते परत सापडत नाही. वहीत पहिला प्रश्न लिहिला, फक्त बॅटरीवर किती किलोमीटर जाते? आणि ती वही घेऊन पहिल्या शोरूममध्ये गेलो तर तिथल्या मुलाने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लग्नाच्या बोलणीत वय विचारलं.

"सर, ही गाडी बॅटरीवर जात नाही. ही असिस्ट करते."

"पण मागे तर हायब्रिड लिहिलंय."

"माईल्ड हायब्रिड सर."

तर माईल्ड म्हणजे काय तर इंजिनाला बेल्टने जोडलेली छोटीशी मोटर, कुठे 12 व्होल्टवर चालणारी कुठे 48 वर, सिग्नलला इंजिन बंद झालं की झटक्यात परत चालू करते, गाडी उचलताना थोडा हात लावते, ब्रेक मारला की थोडी वीज परत गोळा करते. बास. एकटी ती गाडी ओढत नाही. सोफा जिन्यावरून चढवताना एक नातेवाईक असतो बघा, कोपऱ्याला दोन बोटं लावून "उचला, उचला, माझ्याकडून उचललाय" म्हणणारा, तो हा. त्याचा उपयोग नसतो असं नाही, पण घामाघूम दुसरेच असतात. माझा राग एवढाच की त्याला आणि खरोखर सोफा उचलणाऱ्याला बिल्ल्यावर एकच शब्द का. म्हणून वहीतला पहिला प्रश्न खोडला आणि त्याच्या जागी लिहिलं, हायब्रिड म्हणजे नेमकं कुठलं? हे आधी विचारा बाबांनो, बाकी सगळं नंतर.

दुसऱ्या शोरूममध्ये खरी हायब्रिड भेटली, तिला फुल म्हणतात किंवा स्ट्राँग म्हणतात. ही स्वतःच्या बॅटरीवर थोडं अंतर चालते, मग इंजिन येतं, मग जातं, परत येतं, आपण काही करायचं नाही. मी बॅटरी केवढी ते विचारलं. एक-दीड युनिटची. मी घरी येऊन हिशोब केला तर आमचा गीझर अर्ध्या तासात जेवढी वीज खातो जवळपास तेवढीच! एवढ्याशा बॅटरीवर मायलेज एवढं कसं वाढतं हे मला कळेना. मुलगी नववीत आहे, तिने सांगितलं की बाबा ती टाकी नाहीये, गल्ला आहे, ब्रेक मारला की सुटे पैसे आत, निघताना बाहेर. शिवाय या गाड्यांची इंजिनं बहुतेक ॲटकिन्सन पद्धतीची असतात, जेम्स ॲटकिन्सन नावाच्या माणसाने 1882 मध्ये काढलेली युक्ती, इंधन कमी पितात पण सुरुवातीचा जोर कमी, आणि तो जोर मोटर भरून काढते. एकाचं उणं दुसरा झाकतो. आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली, मला ही कल्पना पटायला हवी होती, पण मी बायकोकडे बघितलं आणि ती माझ्याकडे बघत होती, आणि आम्ही विषय बदलला.

याच गल्ल्यामुळे हायब्रिडचं सगळं उलटं असतं. साध्या गाडीला हायवेवर मायलेज जास्त आणि गावात कमी, हिला गर्दीत चांगलं मिळतं कारण थांबा-निघा थांबा-निघा चालू असतं, आणि हायवेला एका स्पीडने गेलात की ब्रेकच नाही तर गल्ल्यात पडणार काय? म्हणून तुम्ही जास्त कुठे चालवता हा प्रश्न फार मोठा आहे. मी छातीठोकपणे सांगितलं, हायवेला. बायको म्हणाली, "मागच्या वर्षी तीनदा गेलो हायवेला. त्यातलं एकदा रस्ता चुकून."

मग प्लग-इन. दाजींचं "लागली तर लागते" हे तिचंच वर्णन होतं हे मला तेव्हा कळलं. मोठी बॅटरी, दहा-वीस युनिटची, रात्री भिंतीला लावायची, सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर नुसत्या विजेवर, काही त्याच्याही पुढे जातात, संपली की पेट्रोल. मला ही इतकी आवडली की मी सही करायला पेन काढलं. कागदावरचं मायलेज तर असं की डोळे चोळून परत वाचलं. पेन बायकोने काढून घेतलं.

"तुमचा फोन रात्री चार्जिंगला कोण लावतं?"

"तू."

"आपल्या ट्रेडमिलवर आत्ता काय आहे?"

"टॉवेल."

"मग?"

आता हा प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो पण प्लग-इन घेणाऱ्याने हा एकच प्रश्न विचारला तरी पुरे. रोज न चुकता लावणार असाल तर ती सोनं आहे. नाही लावली तर एवढं वजन पाठीवर घेऊन ती पेट्रोलवर फिरते. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांचे आकडे तपासले तर प्लग-इन गाड्या चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड सोडत होत्या, कारण लोक मानलं होतं तेवढं चार्जच करत नाहीत. साडेतीन पट! म्हणजे जगभर ट्रेडमिलवर टॉवेल आहेत, मी एकटा नाही. तरीपण मी थोडी झुंज दिली, पण आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर आणि गाडी उभी राहते खाली, प्लग कुठे? मी गॅलरीतून वायर सोडतो म्हटलं. आई म्हणाली, मग त्या वायरवर मी कपडे वाळत घालीन. विषय संपला.

(आणि उलटाही किस्सा असतो बरं का. काही लोक इतके शिस्तीचे असतात की महिनोन्महिने पेट्रोलला हातच लागत नाही, आणि टाकीतलं पेट्रोल जुनं होतं. शेव्हर्ले व्होल्ट नावाच्या प्लग-इन गाडीत यासाठी सोय होती, पेट्रोल फार जुनं झालं की गाडी स्वतःच इंजिन चालवून ते संपवायची. असल्या माणसांशी माझी ओळख नाही, आणि असावी असंही नाही.)

राहिल्या दोन फुल हायब्रिड. एकीचं मायलेज 22, दुसरीचं 25. इथे मी आणि दाजी महिनाभर भांडलो. 25 वालीची डिकी छोटी, 22 वालीची सीट बरी, पण दाजींचं एकच, तीन किलोमीटर म्हणजे तीन किलोमीटर, आयुष्यभराचा प्रश्न आहे. शेवटी मुलगी कंटाळली. "बाबा, तू वर्षाला चालवतोस किती?" मी म्हटलं भरपूर. ती खाली जाऊन जुन्या गाडीचं मीटर बघून आली. 9 वर्षांत 63,000. म्हणजे वर्षाला 7,000. मग तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं, जुनी गाडी 12 देते म्हणजे वर्षाला 583 लिटर. 22 वाली 318 लिटर. 25 वाली 280 लिटर. म्हणजे जुनीवरून 22 वर आलो की वाचले 265 लिटर, आणि ज्या तीन किलोमीटरवरून घरात महिनाभर दाजींची आणि माझी बोलाचाली बंद होती त्याचे वर्षाला वाचणार 38. एक टाकी. शोरूमच्या चकरांमध्ये त्यातलं अर्धं आम्ही जाळलं असणार. लिटरला किती किलोमीटर हा आकडाच फसवा आहे, 12 चे 15 झाले तर जेवढं वाचतं तेवढं 22 चे 25 झाल्यावर वाचत नाही, 100 किलोमीटरला किती लिटर असं विचारलं की सगळं सरळ दिसतं. मुलीने हे दाजींना फोनवर सांगितलं. दाजी म्हणाले, "नवीन टेक्नॉलॉजी आहे, मी तर म्हणतो पाच वर्षं थांबाच."

नवीन! फर्डिनांड पोर्शेने 1900 च्या सुमारास पेट्रोल इंजिनावर वीज तयार करून चाकातल्या मोटरी फिरवणारी गाडी बनवली होती. टोयोटाची प्रियस जपानमध्ये 1997 च्या डिसेंबरात विकायला आली, आणि प्रियस या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'आधीचा'. दाजींना मी हे सांगितलं नाही. बोलाचाली नुकतीच चालू झाली होती.

दाजींच्या "बॅटरी गेली तर?" याला मात्र उत्तर शोधणं भाग होतं, कारण तो प्रश्न दाजींचा, आईचा, शेजाऱ्यांचा, लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसाचाही होता. तर बऱ्याच कंपन्या गाडी ओढणाऱ्या मोठ्या बॅटरीला 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर अशी वॉरंटी देतात, आपल्याला कुठली मिळते ते लेखी घ्या. फुल हायब्रिड आपली बॅटरी कधी काठोकाठ भरू देत नाही आणि कधी तळ गाठू देत नाही, मधल्या पट्ट्यात ठेवते, म्हणून ती टिकते. पण बऱ्याच गाड्यांत तिला थंड ठेवायला मागच्या सीटजवळ एक जाळी असते, तिथून हवा आत जाते, आणि तिथेच आपण पिशव्या रचतो आणि कुत्रा बसवतो. केसांनी ती जाळी तुंबली की बॅटरी तापते. आमच्या कुत्र्याला मागची सीट सोडून कुठेच बसायचं नसतं म्हणून जाळी कुठे आहे आणि घरी साफ करता येते का हे मी विचारलं, शोरूमच्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा ती जाळी माझ्याबरोबर बघितली. आणखी एक गंमत, मोठी बॅटरी भरलेली असली तरी साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की गाडी जागीच. मालक घरात आहे पण किल्ली गड्याकडे.

डिकीचा प्रश्न बायकोने स्वतः हाताळला. ती घरातली सगळ्यात मोठी बॅग घेऊनच शोरूममध्ये आली. 22 वालीत बसली, 25 वालीत झाकण लागेना. मग तिने डिकीचा तळ उचलला.

"स्टेपनी कुठाय?"

"मॅडम, किट आहे."

"काय आहे त्यात?"

"पंप आणि सीलंट."

"आणि टायर फाटला तर?"

"हेल्पलाईन आहे मॅडम."

बायकोने वही माझ्याकडून घेतली आणि 25 वालीच्या पानावर उभी रेघ मारली. तीन किलोमीटर, महिनाभराचं भांडण, दाजी, सगळं एका रेघेत गेलं.

टेस्ट ड्राइव्हला मी विचारून चढ असलेला रस्ता घेतला, तुम्हीही घ्या, कारण सपाटीला सगळ्याच गाड्या सज्जन असतात. चढाला जोरात पाय दाबला तर इंजिन आधी ओरडतं आणि गाडी मागाहून विचार करून निघते, गिअर बदलल्याचा तो धक्का नाही, नुसता एकसुरी आवाज. सवय होते म्हणतात. ब्रेकचं पण तसंच, आधी मोटर गाडी अडवते आणि मग खरे ब्रेक लागतात, तो सांधा पायाला वेगळा लागतो, मी पहिल्या सिग्नलला असा ब्रेक मारला की शोरूमच्या मुलाने डॅशबोर्डला नमस्कार केला. एसी मात्र इंजिन बंद असतानाही चालू राहतो हे बघून आईने गाडी पास केली.

तर 22 वाली आली. रंग पांढराच मिळाला, बाकीच्यांना वेटिंग होतं. बायको यावर अजून बोललेली नाही.

पहिल्या रात्री मी गाडी लावली, उतरलो, किल्ली खिशातच होती, दार लावलं तर गाडी टुंग टुंग करायला लागली. मला वाटलं नवीन गाडी आहे, निरोप देत असेल. मी पण हात केला. वर येऊन हातपाय धुतले, पंधरा मिनिटं झाली असतील, आई गॅलरीतून ओरडली, "अरे तुझी गाडी चालू झाली! आत कोणी नाहीये!"

झालं असं होतं की मी गाडी बंद केलीच नव्हती. आवाज नाही म्हणजे बंद असं माझ्या पायांनी तीस वर्षं शिकलेलं, तिकडे रेडी असा दिवा लागलेला, एसी चालू, एसीने बॅटरी खाल्ली, आणि बॅटरी उतरल्यावर इंजिन आपणहून कामावर हजर झालं. हे मला आत्ता माहीत आहे. तेव्हा मी टॉर्च घेऊन तीन मजले उतरलो, मागे कुत्रा, त्याच्या मागे बायको, आणि आम्ही गाडीपाशी पोचलो तेवढ्यात बॅटरी पुरेशी भरली असावी, इंजिन गप्प झालं. एकदम शांत.

वरून आई म्हणाली, "पळाला बघ. तुम्हाला बघून पळाला."