बोहारीण तोंडावर नाही म्हणायची

गेल्या गुरुवारी दुकानाच्या मागच्या खोलीत एक काळी पिशवी सोडली तर आतून स्टीलचा डबा निघाला. आपला डबा हो! गोल, पाचेक किलो तांदूळ मावतील एवढा, आणि झाकणावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, 'चि. सौ. कां. अमुक हिस मामाकडून सप्रेम भेट, १२-५-८६'. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुमच्यापैकीच कुणाची तरी आई निघायची. इंग्लंडमधलं मध्यम गाव, बाहेर पाऊस, आणि मी झाकण हातात धरून उभी. आमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या काय लिहिलंय गं, मी म्हणलं लग्नातला आहेर आहे, मामानं दिलेला. त्या म्हणाल्या ओह लव्हली, आणि अडीच पाउंडाचं लेबल मारून मोकळ्या झाल्या.

तर मी दर गुरुवारी एका चॅरिटी शॉपमध्ये बिनपगारी काम करते, चार वर्षं झाली. माहीत नसलेल्यांसाठी सांगते, लोक घरातल्या जुन्या वस्तू आणून देतात, दुकान त्या विकतं आणि नफा संस्थेच्या कामाला जातो. ऑक्सफॅम ही संस्था १९४२ साली ग्रीसमधल्या दुष्काळासाठी निघाली, तिचं ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान त्याच दशकाच्या शेवटाला सुरू झालं, ते अजून आहे. आता तर कुठल्याही गावच्या बाजारपेठेत अशी चार-पाच दुकानं सापडतात, एक कॅन्सरचं, एक हृदयरोगाचं, एक मांजरांचं.

मला हे काम आवडतं, आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल बाई वैतागलीये. मागच्या खोलीत स्टीमरची वाफ, लॅव्हेंडर आणि डांबरगोळ्यांचा मिक्स वास, रेडिओवर जुनी गाणी, आणि आमचे एक निवृत्त मास्तर. हे आजोबा दान आलेली जिगसॉ कोडी घरी नेतात, हजार तुकड्यांचं कोडं आठवडाभर बसून लावतात, मोजतात, परत खोक्यात भरतात आणि वर चिठ्ठी चिकटवतात, 'एक तुकडा कमी, डाव्या कोपऱ्यातल्या बोटीचा'. दीड पाउंडाला विकायच्या वस्तूवर आठवडा! मी एकदा विचारलं कशाला एवढं, तर म्हणाले विकत घेणाऱ्याला शेवटच्या दिवशी कळू नये म्हणून.

आणि याच खोलीत त्याच सकाळी दुसऱ्या पिशवीतून काय निघतं तर वापरलेल्या अंतर्वस्त्रांचा गोळा, न धुतलेला. कडेला खरपुडी धरलेलं तळणीचं पॅन. शिट्टी नसलेला, रिंग नसलेला कुकर (हा कुणाच्या घरातून आला ते सांगायची गरज नाही). एकच बूट. अर्धी वापरलेली मेणबत्ती. मांजराचे केस इतके चिकटलेलं ब्लँकेट की मांजरच आलंय असं वाटावं. रविवारी दुकान बंद असतं, दारावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की बंद असताना सामान ठेवू नका, तरी सोमवारी दारात पिशव्यांचा ढीग, रात्री पाऊस पडलेला, कोल्ह्यांनी फाडलेला, सगळं ओलं गिच्च. हा कचरा उचलायचे पैसे आमच्या दुकानाला मोजावे लागतात. म्हणजे बघा, तुम्ही दान दिलंत आणि संस्थेचे पैसे खर्च केलेत, आणि घरी जाऊन छान वाटून घेतलंत.

पण काउंटरवर आम्हाला सांगून ठेवलंय की नाही म्हणायचं नाही. म्हणजे कारसीट, हेल्मेट, चाकू, पाळणा असलं काही असेल तर घेता येत नाही म्हणून सांगायचं, बाकी पिशवी आली की हसायचं, थँक यू म्हणायचं आणि गिफ्ट एड करता का विचारायचं. गिफ्ट एड ही भारी भानगड आहे, देणारा इथला टॅक्स भरणारा असेल तर त्याच्या वस्तूच्या विक्रीतल्या प्रत्येक पाउंडामागे सरकार संस्थेला वर पंचवीस पेन्स देतं, त्यासाठी तुमच्या नावाचे बारकोड स्टिकर करून प्रत्येक वस्तूला लावतो. मग कधीतरी तुम्हाला पत्र येतं की तुमच्या वस्तूंचे इतके इतके पाउंड आले. पिशवीतलं निम्मं कचऱ्यात गेलं हे त्या पत्रात नसतं. त्यामुळे देणाऱ्याला आयुष्यात कधी कळतच नाही की आपण काय देऊन आलो.

माझा सगळा मुद्दा इथेच आहे, की आपण दिलेल्या वस्तूकडे बघून तोंडावर 'हे नको' म्हणणारं कुणीतरी पाहिजे. ते माणूसच आपण मधल्यामधे काढून टाकलंय.

पुण्यात आमच्या वाड्यात बोहारीण यायची. दुपारी तीनच्या सुमाराला, डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी, खाली कपड्यांचं गाठोडं, आणि ती हाळी... ती लिहून दाखवता येणार नाही, ज्यांनी ऐकलीये त्यांच्या कानात आत्ता वाजली असेल. आई दोन महिने साठवलेलं बोचकं बाहेर काढायची आणि मग जे चालायचं ते मी उंबऱ्यात बसून बघायचे. बोहारीण बाबांची पॅन्ट दोन्ही हातांनी उजेडात धरायची, बुडाशी कापड विरलंय का बघायची, गुडघ्यावर अंगठा फिरवायचा, चेन वरखाली करायची, आणि पॅन्ट बाजूला टाकून म्हणायची, "ही नाय चालायची ताई, बसलीया." साडीचा फॉल उचकटून आतला पदर बघायची, जरीला नख लावायची. आई म्हणायची अगं चार वेळा नेसलीये फक्त! ती म्हणायची मग नेसा की पाचव्यांदा. तीन पॅन्टी, दोन साड्या, एक स्वेटर, आणि समोर ठेवायची काय तर चहाचं गाळणं. मग आईचा आवाज चढायचा, एवढ्यात तर परात यायला पाहिजे, ती पाटी उचलून उठल्याचं नाटक करायची, आई दार लावल्याचं नाटक करायची, शेवटी वर एक ओढणी टाकून मधल्या साइजचं पातेलं ठरायचं. संध्याकाळी बाबा पातेलं बघून विचारायचे, माझी कुठली पॅन्ट गेली?

यात कुठे दान नव्हतं. आईला पुण्य मिळालं नाही आणि बोहारणीला उपकार वाटला नाही, ती तिचा धंदा करत होती, कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुढे जुन्या बाजारात विकायची. पण तिच्यामुळे आमच्या घरात एक शिस्त होती, बोहारणीला द्यायचे कपडे आधी धुवायचे, बटणं लावायची, कारण नाहीतर ती घेणार नाही! धर्मादायाला देताना कोण बटण लावतं? आपल्याकडे म्हणच आहे, धर्माच्या गाई आणि दात का गे नाही. म्हणजे घेणाऱ्यानं तोंड उघडायचंच नाही, मिळतंय ते घ्यायचं. पण नचिकेत्याची गोष्ट आठवा, बापानं यज्ञात म्हाताऱ्या, भाकड, शेवटचं पाणी पिऊन झालेल्या गाई दान द्यायला काढल्या तेव्हा ते पोरगं अस्वस्थ झालं, बापाला विचारत सुटलं की मग मला कुणाला देणार. बापानं चिडून सांगितलं, यमाला. त्या गोष्टीतलं यमाचं पुढचं सगळं ज्ञान आपण डोक्यावर घेतो, पण सुरुवात दाताविना गाईपासून झाली ते कुणी बोलत नाही.

आता मी काही साधीसरळ नाही. इथे आमचा सोफा द्यायचा होता, उत्तम स्थितीत, डाग नाही काही नाही. एका संस्थेची गाडी घरी न्यायला आली, दोन पोरं आली, त्यांनी सोफा उलटा केला आणि विचारलं फायर लेबल कुठेय. १९८८ च्या नियमानुसार इथे गादीचं फर्निचर विकताना ते आग लवकर पकडत नाही याचं लेबल लागतं, शिवलेलं असतं खाली. आमच्या ह्यांनी ते पहिल्याच आठवड्यात कात्रीनं कापलं होतं, का तर लोंबत होतं. पोरं सॉरी म्हणाली आणि निघून गेली. मी इतकी चिडले, म्हणलं फुकट देतोय तर नखरे बघा! आणि बोलता बोलता जीभ चावली, कारण हेच वाक्य मी दर गुरुवारी सामान द्यायला आलेल्यांच्या तोंडून ऐकत असते. सोफा शेवटी कौन्सिलला पैसे देऊन उचलायला लावला.

आई इथे आली होती तेव्हा तिला दुकान दाखवायला नेलं. म्हणाली, म्हणजे लोकांचे अंगावरून उतरलेले कपडे, आणि वर आपण पैसे द्यायचे? कपड्यांच्या रॅकला पदरसुद्धा लागू दिला नाही. मग मागच्या कपाटात बोन चायनाच्या सहा कपबश्या दिसल्या, चार पाउंड. एकेक कप उलटा करून बघितला, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला, एकाला केसाएवढी चीर सापडली तर मला म्हणे सांग तिला तीन होतील. म्हणलं आई इथे भाव करत नाहीत, पैसे चॅरिटीला जातात. म्हणाली चीर आहे त्याचं काय?

सासूबाई गेल्यानंतर दोन वर्षांपूर्वी पुण्याचा फ्लॅट नऊ दिवसांत रिकामा केला. चाळीस वर्षांचा संसार आणि माझी नऊ दिवसांची रजा. बोहारीण येते का विचारलं तर वॉचमन म्हणाला आत सोडायची परमिशन नाय मॅडम, सोसायटीचा ठराव आहे. एका संस्थेला फोन केला, गाद्या घेत नाहीत म्हणाले, भांडी घेऊ पण शंभर किलोच्या वर असतील तरच गाडी पाठवू. मग घरी काम करणाऱ्या मावशींना विचारलं, काय हवं ते आधी तुम्ही घ्या. मला वाटलं फ्रिज, सोफा सगळं नेतील. मावशी अख्ख्या घरात शांतपणे फिरल्या, फ्रिजचं दार उघडून रबर चेपून बघितलं, लाइटबिल किती येतं विचारलं, सोफ्याला हातही लावला नाही, "ताई, दहा बाय दहाची खोली, ह्याच्यावर बसलो तर झोपायचं कुठं?" आणि घेतलं काय, इडलीपात्र, एक पोळपाट आणि देवघरातली समई. समई मला ठेवायची होती खरंतर. पण आधी तुम्ही घ्या म्हणलं होतं, गिळलं गप.

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीची माझी मावसबहीण सांगत होती, शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा डोंगर. घरात चिखल काढायला फावडी नाहीत, झाडू नाहीत, आणि टेम्पो भरभरून येतायत पार्टीवेअर घागरे आणि नाडी नसलेले परकर. चिखल काढणारी माणसं त्या ढिगाला वळसा घालून जायची. कुणी विचारलंच नव्हतं काय हवंय. म्हणून मला 'गूंज'वाल्यांचं पटतं, अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये सुरू केलेली संस्था, त्यांना २०१५ साली मॅगसेसे मिळालं. त्यांच्याकडे गावातले लोक आपल्याच गावातलं काम ठरवतात, विहीर, रस्ता, बांबूचा पूल, आणि त्या कामाच्या बदल्यात कपडे-सामान घेतात. फुकट घेतलं नाही म्हणल्यावर मान वर राहते, आणि हे नको ते द्या असंही म्हणता येतं. थोडक्यात बोहारीणच की, उलट्या बाजूनं!

बरं इथे जे विकलं जात नाही त्याचं काय होतं हे लोक विचारतात. दोन-तीन आठवडे रॅकवर, मग दुसऱ्या शाखेत, मग चिंध्यांच्या पोत्यात, आणि पोतं किलोवर व्यापाऱ्याला. तिथून पूर्व युरोप, आफ्रिका, आणि हसू नका, आपल्याकडे. परदेशातले वापरलेले कपडे गुजरातेत कांडल्याला उतरतात, तिथे बायका बसून निवडतात. आणि लोकरीचे, कापून टाकलेले, पानिपतला जातात. तिथे बटणं, चेनी, लेबलं काढून रंगारंगाचे ढीग लावतात, लाल लालात, निळं निळ्यात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको, मग मशीनमध्ये पिंजून त्याचं सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. कुठे भूकंप-पूर आला की संस्था जी करडी खरखरीत ब्लँकेटं वाटतात, त्यातली बरीच ही. म्हणजे इथल्या कुणा आजीच्या स्वेटरचं शब्दशः पानिपत होतं आणि ते परत दानातच निघतं. हल्ली पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी तोही धंदा खाल्लाय म्हणा.

तो डबा मी विकत घ्यावा की नाही यावर एक तास विचार केला. घरात डबे ठेवायला जागा नाही, आणि मामा माझा नाही. दुपारी एक गुजराती बा आल्या, पांढरी साडी, वर अनोरॅक, पायात स्नीकर्स. थेट डब्यापाशी. डबा उचलून वजन घेतलं, बुडाला बोटाच्या पेराने टकटक केलं, झाकण बसवलं, काढलं, परत बसवलं, कानाशी हलवून बघितलं आणि माझ्याकडे बघून गुजरातीत म्हणाल्या, झाकण ढिलं आहे, दोन पाउंड. मी म्हणलं बा, इथे भाव होत नाही. त्यांनी डबा परत शेल्फवर ठेवला आणि दाराकडे चालायला लागल्या, अगदी हळूहळू.

मी हाक मारली. वरचे पन्नास पेन्स माझ्या पर्समधून गल्ल्यात टाकले.