‘४५ दिवसांत मॅटवर’ आणि वाटीतलं गरम तेल

रविवारी दुपारी लालबागला माझ्या ज्युदोच्या विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. गुडघ्यातल्या एसीएलचं (मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या लिगामेंटचं, म्हणजे आतल्या दोराचं) ऑपरेशन होऊन तिला नऊ दिवस झाले होते. चाळीतली तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला लागून कॉट, तिचा डावा पाय उशीवर. खाली लादीवर स्टीलच्या वाटीत लसणीच्या पाकळ्या टाकून तापवलेलं तिळाचं तेल. साडेचारला मालीशवाला यायचा होता. कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिच्या आईने, काकूंनी, मोबाइल पुढे केला. “हे वाचा ना ताई, तुमच्याच खेळातल्या माणसाने लिहिलंय.”

तो मेसेज मलाही चार जणांनी पाठवला होता. मी न वाचता सोडून दिला, ही माझी चूक. ज्युदो, कराटे, कुस्तीच्या ग्रुपांवर तो अजून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऑपरेशननंतर पोटरी आणि गुडघा रोज गरम तेलाने रगडा, ‘अडकलेली नस’ सुटते. रोज अर्धा तास वज्रासनात बसा. फिजिओ हा पैसे उकळायचा धंदा आहे. पायाचं सूप आणि डिंकाचे लाडू खा. आत बसवलेला स्क्रू वर्षभरात काढून टाका. दुखायचं थांबलं की गुडघा बरा झाला, ४५ दिवसांत मॅटवर उतरा. जपानी ज्युदोपटू यामाशिता फाटक्या पायाने ऑलिंपिक जिंकला, दुखणं मनात असतं. आणि शेवटी, मुळात ऑपरेशनची गरजच नसते.

पहिलं तेल. बाकी मुद्द्यांनी फार तर गुडघा बिघडेल, या एकाने जीव जाऊ शकतो.

पायाच्या ऑपरेशननंतर हालचाल कमी होते, पोटरीतल्या खोल शिरांमधून रक्त संथ वाहतं आणि तिथे गुठळी धरू शकते. असं सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतं त्यांची पोटरी सुजते, गरम लागते, चालताना ओढल्यासारखी दुखते. हाताला लागतो तो घट्टपणा. मालीशवाला त्यालाच ‘गाठ’ म्हणतो आणि अंगठ्याने फोडायला बसतो. शिरेतली गुठळी सुटली तर रक्ताबरोबर थेट फुफ्फुसात जाऊन अडकते. दम लागतो, छातीत दुखतं, माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. माझ्या विद्यार्थिनीची पोटरी तीन दिवस दुखत होती. ती आईला सांगत होती आणि आई मेसेज वाचत होती. मी सर्जनच्या असिस्टंटला फोन लावला, संध्याकाळी डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, झाली. गुठळी निघाली नाही, दुखणं स्नायूचंच होतं. पण हे डॉपलरमध्ये दिसलं. बोटांनी चाचपून ते मालीशवाल्याला कळलं नसतं, मलाही नाही. एका पोटरीला सूज, गरमपणा, लाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनाफोनी न करता सरळ कॅज्युअल्टी. पाळीच्या किंवा दुसऱ्या कसल्या हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर ते ऑपरेशनच्या आधीच सर्जनला सांगा, कारण त्यातल्या काहींनी गुठळीचा धोका वाढतो. मुली हे सांगत नाहीत, आणि वडील सोबत असले की मुळीच नाही.

शिवाय टाके ओले असताना जखमेवर लसणीचं तेल! आत ताजा ग्राफ्ट आहे, म्हणजे फाटलेल्या एसीएलच्या जागी हाडात भोक पाडून बसवलेला नवा दोर. सांध्यात पू झाला तर पुन्हा टेबलावर जावं लागतं.

आता वज्रासन. जपानी माणसं तशीच बसतात म्हणून त्यांचे गुडघे मजबूत, असं मेसेज सांगतो. पहिल्या आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होणं सगळ्यात महत्त्वाचं असतं. तो सरळ झाला नाही तर माणूस कायमचा लंगडत राहू शकतो. त्यासाठी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, मांडी आवळायची, दिवसातून अनेकदा. ऑपरेशननंतरच्या सुजेमुळे मांडीचा पुढचा स्नायू चक्क झोपतो, त्याला असं हाक मारून उठवावं लागतं. पूर्ण वाकवून वर अंगाचं वजन टाकणं फार पुढची गोष्ट आहे, आणि गादी म्हणजे मेनिस्कस शिवलेली असेल तर आणखी पुढची. ज्यांच्याकडे चाळीतला सामाईक भारतीय संडास आहे त्यांनी ऑपरेशनच्या आधी कमोडची खुर्ची आणून ठेवावी. उकिडवं बसण्याचा हा प्रश्न घरी आल्यावर पहिल्याच सकाळी उभा राहतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

फिजिओबद्दल थोडं मान्य करते, नाइलाजाने. वीस मिनिटं करंट लावून पैसे घेणारी क्लिनिकं मीही पाहिली आहेत. करंटने मांडी भरत नाही. पण त्यावर उपाय चांगला फिजिओ शोधणं हा आहे, मालीशवाला बोलावणं नव्हे. परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत. तिथे रांग आहे, पण जा.

सूप-लाडू खा. प्रथिनं लागतातच, ती डाळ-अंड्यांतूनही मिळतात. पायाचं सूप पोटात पचतं, तिथून ते गुडघ्यात जाऊन लिगामेंट होत नाही. स्क्रू त्रास देत नसेल तर आतच राहतो.

‘दुखायचं थांबलं की बरा झाला’ हे वाक्य वाचणं मला सहन होत नाही, कारण मी ते जगले आहे. २०११ मध्ये माझं ऑपरेशन झालं. सहाव्या महिन्यात दुखणं शून्य, दादरचा पूल धावत चढायचे, म्हणून कोणाला न विचारता रांदोरीला, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीला, उतरले. तिसऱ्या दिवशी ताई-ओतोशी या फेकीसाठी वळताना पाय मॅटवर रोवलेला राहिला, अंग पुढे गेलं आणि आतून ओली काडी मोडल्यासारखा आवाज आला. तोच गुडघा, दुसरं ऑपरेशन.

का झालं ते नंतर समजून घेतलं. ग्राफ्ट म्हणजे आपल्याच मांडीच्या मागचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा कापून आणलेला स्नायुबंध. नव्या जागी त्याला सुरुवातीला रक्तपुरवठा नसतो. त्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात. या उलथापालथीत पहिल्या काही महिन्यांत तो बसवला तेव्हापेक्षा कमकुवत होतो. सहावा ते बारावा आठवडा म्हणून विशेष सांभाळायचा मानतात. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. सूज उतरलेली, दुखणं गेलेलं आणि आतला दोर नाजूक, नेमक्या त्या वेळी हा मेसेज मुलांना मॅटवर पाठवतो. पूर्ण मुरायला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं.

‘मग किती थांबायचं’ याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला नॉर्वे-अमेरिकेच्या एका अभ्यासात मिळालं. तो २०१६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला. १०६ रुग्णांना ऑपरेशननंतर दोन वर्षं पाहिलं. गुडघा वळवावा लागतो अशा खेळांत परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं, तितका दर महिन्यागणिक पुन्हा दुखापतीचा धोका ५१ टक्क्यांनी कमी झाला. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. दुसरा आकडा मी वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. ताकदीच्या आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या पास होऊन परतलेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. नापास असताना परतलेल्यांत हे प्रमाण ३८.२ टक्के होतं. पास म्हणजे ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के. रविवारी तिच्या मांड्यांना मोजायची टेप लावली, गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटीमीटरवर. नऊ दिवसांत तिची डावी मांडी उजवीपेक्षा दोन सेंटीमीटर बारीक झाली होती. ती मांडी भरणार कधी, आणि ४५ दिवसांत ती कोणाला फेकणार?

यामाशिताचं नाव यात ओढलं याचा मला सगळ्यात राग आला. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याची पोटरी लढतीत दुखावली आणि त्याच दिवशी उरलेल्या लढती खेळून त्याने सुवर्ण घेतलं. तो स्नायू होता, नवा बसवलेला लिगामेंट नव्हे, आणि पुढच्याच वर्षी तो निवृत्त झाला. त्याच माणसाचा पाय १९८० मध्ये कानी-बासामीने, म्हणजे पायांची कात्री घालून पाडायच्या डावाने, मोडला होता. तेव्हा तो सहा आठवड्यांत लढायला आला नाही, हे मेसेज सांगत नाही.

उरला शेवटचा मुद्दा, आणि यात तथ्य आहे. प्रत्येक फाटलेल्या एसीएलला ऑपरेशन लागत नाही. स्वीडनमधल्या २०१० च्या अभ्यासात १२१ तरुणांपैकी अर्ध्यांना आधी फक्त व्यायाम दिला, आणि दोन वर्षांत त्यांतल्या साधारण साठ टक्क्यांना एसीएलचं ऑपरेशन लागलं नाही. पण तो व्यायाम महिनोन्‌महिने देखरेखीखाली होता. आणि ज्याचं ऑपरेशन झालेलंच आहे त्याला हे ऐकवून काय उपयोग?

आमचा क्रम ठरला आहे. नऊ महिन्यांच्या आत रांदोरी नाही. त्याआधी उकेमी (पडायचा सराव), मग एकटीने उचीकोमी (न फेकता फेकीची पुन्हा पुन्हा तालीम), मग उभ्या जोडीदारासोबत, प्रत्येक पायरी सर्जन आणि फिजिओने हो म्हटल्यावरच. डिसेंबरची स्पर्धा गेली. ती रडली, मी रडू दिलं.

काकूंनी त्याच ग्रुपवर स्वतः लिहिलं: “पोटरीला तेल लावू नका, आधी डॉक्टरला दाखवा.” खाली एकाने विचारलं, मग कितव्या दिवसापासून लावायचं? पोटरी रगडायची नाहीच. जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर हलका हात कसा फिरवायचा ते फिजिओ दाखवेल, त्याला कोमट तेलाची वाटी लागत नाही.