पालु, पाल आणि माझा पांढरा सदरा

माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, खिशाच्या जरा खाली पडलेला चहाचा डाग तीन धुण्यांनंतरही गेलेला नाही, आणि त्याला कारणीभूत चहा नसून दोन अक्षरांचा एक शब्द आहे. एका प्रशिक्षणासाठी मला अचलपूरहून थेट गडचिरोली जिल्ह्याच्या तेलंगणाला लागून असलेल्या सिरोंचा तालुक्यात धाडण्यात आले होते. आलापल्लीच्या पुढे हाडे खिळखिळी झाल्यावर एस.टी. एका फाट्यावर थांबली आणि मी टपरीवर चहा घेतला. दुसरा घोट तोंडात असतानाच आतून एक पोरगा किंचाळला. त्यातले ‘पालु’ आणि ‘पडि’ एवढेच माझ्या कानांनी टिपले. डोक्यावरच्या पत्र्याखाली एक गलेलठ्ठ पाल मी आधीच हेरून ठेवलेली असल्यामुळे अधिक विचाराची गरज उरली नाही. तोंडातला चहा अर्धा माझ्या सदऱ्यावर आणि अर्धा शेजारी बसलेल्या आजोबांच्या धोतरावर गेला.

तेलुगूत ‘पालु’ म्हणजे दूध, आणि पडणे तिकडेही पडणेच. पोराच्या हातून दुधाचे भांडे कलंडले होते. पाल पत्र्याखाली जागच्या जागी होती.

आजोबा रागावले असते तर मी क्षमा मागून मोकळा झालो असतो. पण त्यांनी धोतराचा ओला सोगा दोन बोटांत धरला आणि शांतपणे चौकशी आरंभली.

“साखर कमी होती का जी?”

“नाही. मला वाटले, चहात पाल पडली.”

“पडली नं. दोन लिटर पडली.”

“ती नव्हे, भिंतीवरची.”

“तिले तर बल्ली म्हणतात. तुमच्याकडं बल्लीले पाल म्हणतात?” मी होकार देताच त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे तुमी दुधाले भेऊन चाय थुकले!”

यानंतर त्यांनी हा निष्कर्ष प्रथम कंडक्टरला, मग सायकलवरून चाललेल्या पोस्टमनला आणि मग मोळी उतरवून टेकलेल्या एका माडिया आदिवासी गृहस्थाला, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या भाषेत, हातवाऱ्यांसह ऐकवला. माझ्या थुंकण्याची नक्कल प्रत्येक वेळी अधिक लांब पल्ल्याची होत गेली. त्या गृहस्थाने मान डोलावून सांगितले की त्यांच्याकडेही पाल म्हणजे दूधच. मी एकटा पडलो.

मी बावीस वर्षे मराठी शिकवतो, त्यामुळे गप्प बसणे मला जमत नाही. ‘पाल’ म्हणजे रक्षण करणारा, असे मी समजावू लागलो.

“जसे राज्यपाल.”

“राज्याचं दूध?”

“नव्हे. गोपाल घ्या.”

“गोपाल म्हणजे गाईचं दूध. बराबर हाये.”

या व्युत्पत्तीतली चूक मला अद्याप कोणाला पटेल अशी दाखवता आलेली नाही. हिंदीत पाल म्हणजे होडीचे शीड, असे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “पूल नव्हता तवा नदीपल्याड कालेश्वरमले डोंग्यानंच जात होतो जी, पण दूध बांधलेला डोंगा कधी पाहिला नाही.” जत्रेत ठोकतात त्या कापडी पालाचा विषय मी काढलाच नाही, कारण बहिरमच्या यात्रेत मी रात्रभर पालात झोपलो होतो हे त्यांना कळले असते, तर ते सिरोंचापर्यंत माझ्याआधी पोचले असते.

मुक्कामी पोचल्यावर सुडाच्या भावनेने मी शब्दकोश चाळले. डच भाषेत ‘पाल’ म्हणजे खांब. इंग्रजीतला मित्र या अर्थाचा ‘पॅल’ रोमानी लोकांच्या भाषेतून आलेला असून त्यांच्याकडे त्याचा अर्थ भाऊ, आणि त्याचे मूळ आपल्या ‘भ्रात्या’शी जुळते. एवढा सगळा दारूगोळा हाती आला, तेव्हा आजोबा पन्नास किलोमीटर मागे राहिले होते.

तरी माझा खरा राग आजोबांवर नाही. आम्हाला तिकडे पाठवणाऱ्या आदेशात प्रवासभत्त्याचा अर्ज तीन प्रतींत कसा भरावा, याला दीड पान दिलेले होते. परंतु जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते त्या टोकावरची कित्येक मुले घरी तेलुगू किंवा माडिया बोलतात, याबद्दल त्यात एक ओळसुद्धा नव्हती. टपरीवरचा तो सात-आठ वर्षांचा पोरगा आईशी तेलुगूत, माडिया गृहस्थाशी माडियात आणि माझ्याशी मराठीत बोलत होता. उद्या तो वर्गात पालीच्या चित्राकडे बोट दाखवून ‘बल्ली’ म्हणेल, तेव्हा माझ्यासारखाच कोणीतरी त्याच्या वहीत लाल फुली मारणार. आजवर अशा किती फुल्या मी स्वतः मारल्या, ते मोजलेले नाही.

एस.टी.चा हॉर्न वाजला तेव्हा आजोबांनी धोतराच्या साबणाचा विषय काढला. मी दहाची नोट पुढे केली. पाच रुपयांची वडी त्यांनी शेजारच्या दुकानातून आणवली, आणि उरलेल्या पाचाचा अर्धा चहा माझ्यासमोरच मागवला, पालु जास्त घालून.