'नुसते बसून पगार घेता' म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार,

पहाटेच्या ड्युटीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. इतरांसाठी तिचा सारांश देतो: विमान ऑटोपायलट उडवतो, वैमानिक सुरुवातीची आणि शेवटची दहा मिनिटं सोडली तर नुसता बसून असतो, एसटीचा ड्रायव्हर रात्रभर जागतो पण असं रडगाणं गात नाही, त्यापेक्षा तिकिटांचे दर आणि रोजचा उशीर यावर लिहा.

एसटीच्या ड्रायव्हरला कष्टाच्या मानाने फार कमी मिळतं, हे शंभर टक्के मान्य. घाटात रात्री गाडी काढणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. पण त्याचं नाव पुढे करून दुसऱ्याला हिणवायचं, ही कुठली रीत? मुद्दा मांडा, भांडा, पण जरा माणसासारखं बोला. लेखात मी पगाराबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

आता ऑटोपायलट. हे वाक्य लग्नकार्यात, लिफ्टमध्ये, सगळीकडे ऐकतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. आम्ही उडवतो ती विमानं धावपट्टीवरून हातानेच उचलावी लागतात. वर गेल्यावर ऑटोपायलट लावतो, पण किती उंची, कुठली दिशा, किती वेग हे त्याला आम्ही सांगायचं. समोर काळा ढग उभा असेल तर तो आपणहून वळत नाही. मे अखेरीस सह्याद्रीच्या डोक्यावर ढग चढायला लागले की रडारचा कोन खालीवर करून त्यांचा गाभा शोधायचा, डावीकडून जायचं की उजवीकडून ते ठरवायचं, जमिनीवरून विमानांना वाट देणाऱ्या कंट्रोलरकडे वळण मागायचं. तोही त्याच वेळी आणखी पाच जणांना वळण देत असतो.

आणि आपोआप उतरणं? दिल्लीच्या हिवाळी धुक्यात ते करतो, कारण तिथे जमिनीवर तशी यंत्रणा आहे आणि धुक्यात वारा बहुधा पडलेला असतो. आडव्या वाऱ्याची मर्यादा मात्र यंत्राला हातापेक्षा कमी असते. म्हणजे जुलैत मुंबईत झोडपणारा वारा असतो आणि तुम्ही मागे सीटचा दांडा घट्ट धरून बसता, तेव्हा विमान माणूसच उतरवत असतो. त्याच वेळी डोक्यात इंधनाचा हिशोब चालू असतो. मुंबईवर घिरट्या घालत किती वेळ थांबायचं आणि अहमदाबादला कधी वळायचं? पर्यायी विमानतळ गाठून वर अर्ध्या तासाचं इंधन टाकीत उरलंच पाहिजे. वळलो की प्रवासी शिव्या देतात. ते चालतं.

'नुसते बसून' हे मला तुमच्याकडून शिकायचं नाही. वडिलांनी शेताचा तुकडा विकून मला बारामतीला शिकायला पाठवलं. परवान्यासाठी 200 तास उड्डाण लागतं, आणि त्यातला प्रत्येक तास पैशात मोजला जातो. परवाना हातात आला तेव्हा नोकऱ्या आटल्या होत्या. काही वर्षं मी मामांच्या दुकानात हिशोब लिहिले आणि परवाना जिवंत ठेवण्यापुरतं उसने पैसे घेऊन उडलो. आजही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, इंजिन बंद पाडून माझी परीक्षा घेतात. वर्षातून एकदा डॉक्टर तपासतात. कान, डोळे, हृदय यांतलं एक बिघडलं तर त्या दिवसापासून घरी. ड्युटीआधी पोटात अल्कोहोल नाही ना हे पाहणारी श्वासाची चाचणी द्यावी लागते, म्हणून सर्दी झाली तरी मी खोकल्याचं औषध बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय घेत नाही. तुमच्या नोकरीत यातलं काय आहे, तेही लिहा कधीतरी.

लेख थकव्यावर होता. रात्री दोन ते सहा या वेळेत शरीर मंदावतं, म्हणून नियमांतही ती वेळ वेगळी धरली आहे. ते लिहिणं म्हणजे रडणं नव्हे. मागे बसलेल्यांच्या जिवाशी त्याचा संबंध आहे, तुमच्याही.

तिकिटांचे दर मी ठरवत नाही. उशिराबद्दल विमान कंपनीला लिहा.

ऑटोपायलटबद्दल खरंच काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, वेळ काढून उत्तर देईन. 'रडगाणं'वाली पुढची प्रतिक्रिया मात्र मी काढून टाकणार आहे.