गोधडीला सतरा आठवडे का लागले : दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय वाचला. आईच्या सात साड्या दिल्या, दहा आठवडे सांगितले आणि लागले सतरा. राखीपौर्णिमेला बहिणीला द्यायची गोधडी ऑक्टोबरात हातात पडली. मध्यभागी झोळ आहे, अंजिरी साडी न वापरताच परत आली, वर नऊ हजार रुपये. आणि हे चालू असताना आमच्या पानावर आमच्याच प्रदर्शनाच्या गोधडीचे नवे नवे फोटो. ‘यांची हौस आमच्या ॲडव्हान्सवर चालते’ असं तुम्ही लिहिलंय. राखीपौर्णिमा हुकली ती हुकली, त्याची भरपाई आम्हाला करता येणार नाही. माफ करा. बाकी गोष्टींचा हिशेब वहीत आहे, तो जसाच्या तसा मांडतो.

तुमची गोधडी पाच फूट बाय साडेसात फूट, म्हणजे साधारण १५० बाय २२५ सेंटिमीटर. धावदोऱ्याच्या दोन ओळींत दोन सेंटिमीटर अंतर ठेवलं की एकूण १६९ मीटर ओळ भरते. एक टाका आणि पुढची मोकळी जागा मिळून सेंटिमीटरभर, म्हणजे सतरा हजारांच्या आसपास टाके. पाच थरांतून सुई काढायची तर तासाला चार मीटरच्या पुढे हात जात नाही. झाले ४२ तास. साड्या धुणं-तपासणं ४, ठिगळं बेतून जोडणं ८, कडेचा गोट ४. एकूण ५८. तासाला १३० रुपयांनी ७,५४०, अस्तराचं मांजरपाट आणि सुती दोरा ९००, कुरिअर ५६०. नऊ हजार होतात ते असे. बाजारात बाराशेला मिळणारी मशीनची रजई वाईट नसते. रोज अंथरायला, दर आठवड्याला धुवायला तीच घ्यावी, असं आम्ही विचारणाऱ्यांना सांगतोही.

आता उशीर. आम्हा दोघींचे मिळून आठवड्याला २२ तास ऑर्डरींचे आणि ६ तास स्वतःच्या कामाचे. तुमच्या आधी दोन ऑर्डरी होत्या, त्यांचं ११० तासांचं काम उरलं होतं. त्यात तुमचे ५८ मिळवून १६८, म्हणजे आठ आठवड्यांच्या आत. दोन आठवडे हाताशी धरून दहा सांगितले. तोपर्यंत हिशेब बरोबर होता.

पहिले तीन आठवडे गेले तुमच्या मरून रंगाच्या साडीपायी. जुन्या गडद सुती साडीचा रंग सुटतो का हे नुसतं पाणी बघून कळत नाही. साडी पूर्ण वाळवायची, वर ओलं पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवायची. फडक्यावर गुलाबी झाक आली की पुन्हा धुणं. (मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग पक्का होतो म्हणतात. होत नाही. सुटा रंग धुऊन काढावाच लागतो.) तुमच्या साडीला सहा पाणी लागली, आणि जुलैच्या पावसात घरात दोरीवर टाकलेली साडी वाळायला दोन-तीन दिवस घेते. ही घाई केली असती तर पहिल्याच धुण्यात शेजारची मोतिया रंगाची ठिगळं डागाळली असती. पण साड्या तुम्ही जूनमध्ये दिल्या होत्या. त्याच दिवशी भिजत घातल्या असत्या तर तुमच्या ऑर्डरीची पाळी येईपर्यंत तयार असत्या. आम्ही ती पाळी तोंडावर आल्यावर धुवायला काढल्या. ही चूक आमची.

पुढचे तीन आठवडे गेले पाच दुपट्यांत. बारशाची तारीख ठरलेली असते, बाळ थांबत नाही, म्हणून ती ऑर्डर मध्ये घेतली. एक दुपटं ९० बाय ९० सेंटिमीटरचं, चाळीस मीटर ओळ, धरून-सोडून १३ तास. पाचांचे ६५.

आणि दोन आठवडे प्रदर्शनाच्या गोधडीत गेले. ते ४४ तास ऑर्डरींच्या वेळातून घेतले, हे खरं आहे आणि ते तुम्हाला कळवलं नाही. उरलेला एक आठवडा पॅकिंग आणि कुरिअरचा. कामाचे मूळचे आठ धरून झाले सतरा.

म्हणजे तुमच्या गोधडीला आमची हौस आडवी आली ती दोन आठवडे. दुसऱ्याची पैसे देऊन केलेली ऑर्डर आडवी आली ती तीन आठवडे, आणि झोळही त्याच ऑर्डरीने दिला. तो कसा ते सांगतो, कारण तुमचा सगळ्यात रास्त मुद्दा तोच आहे.

गोधडी जमिनीवर पसरून थर एकावर एक घालतात, कोपऱ्यांवर पाटा-वरवंट्यासारखं वजन ठेवतात आणि वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालून घेतात. मग कडेपासून आत चौकोनी फेरे. वरचा थर आधीच जोडलेला असल्यामुळे त्यातलं ढिलं कापड प्रत्येक फेऱ्याबरोबर आत सरकत जातं. कच्चे टाके शाबूत असले तर ते जागच्या जागी वाटलं जातं. तुमच्या गोधडीचे बाहेरचे अकरा फेरे झाले होते तेव्हा दुपट्यांसाठी जागा हवी म्हणून ती घडी घालून फळीवर ठेवली. तीन आठवड्यांनी उलगडली तेव्हा मधले कच्चे टाके ओढले गेले होते, थर एकमेकांवरून सरकले होते. पुन्हा टाचली, पण मधला वीतभर भाग उसवून सपाट करायला हवा होता, तो केला नाही.

धुतल्यावर सगळीकडे सारख्या बारीक चुण्या पडतात, त्या गोधडीच्याच असतात, त्यांना झोळ समजू नका. फरक ओळखायचा असेल तर गोधडी फरशीवर पसरा आणि कडेकडून मध्याकडे तळहात फिरवा. हातापुढे कापडाची एक लाट सरकत जाऊन एकाच जागी अडली, तर तो झोळ. तुमच्या फोटोत दिसतो तो झोळच आहे.

आमच्या पानावर आमच्याच गोधड्या दिसतात त्याचं कारण साधं आहे. ऑर्डरीत लोकांच्या आईच्या, आजीच्या साड्या असतात, मालकांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही त्यांचे फोटो टाकत नाही. ती प्रदर्शनाची गोधडी जानेवारीपासून आठवड्याला सहा तासांनी चालली होती. रोज फोटो म्हणजे रोजचं काम नव्हे, पण बाहेरून तसंच दिसणार, हे मान्य.

तरीही स्वतःचं काम बंद करणार नाही. ती प्रदर्शनाची गोधडी कवंदीच्या, म्हणजे सिद्दी समाजातल्या गोधडीच्या पद्धतीची आहे. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ, येल्लापूर भागातल्या सिद्दी बायका ठिगळं आधी जोडून घेत नाहीत, कडेपासून आत येताना एकेक ठिगळ दुमडून त्याच टाक्यात अडकवत जातात. ढिलं कापड दुमडीतच जिरतं. ही पद्धत ऑर्डरीत वापरायची तर आधी कुठेतरी हात बसवावा लागतो, आणि तो तुमच्या आईच्या इरकलीवर बसवता येत नाही. बिघडली तर तशी दुसरी साडी दुकानात मिळत नाही. सुती दोरा वापरायचा की पॉलिस्टर, हेसुद्धा आम्ही आमच्याच जुन्या चादरींवर ठरवलं. पॉलिस्टर तुटत नाही, पण विरलेलं सूत कापतो. सहा थरांच्या पुढे गेलं की खालच्या अंगाला टाके चुकतात, तेही तिथेच कळलं. ऑर्डरीचे तास आणि हे तास एकमेकांत मिसळायचे नाहीत, एवढंच पाळायचं होतं. ते सप्टेंबरात पाळलं नाही.

अंजिरी साडीबद्दल. ती शुद्ध रेशमी आहे आणि वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली आहे. घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठे इंचभर अंतरावर ठेवून हलकेच ताण दिला, तर उभे धागे तडकले. अशा कापडातून सुई गेली की प्रत्येक भोकापासून चीर सुरू होते, आणि गोधडीला त्यात सतरा हजार भोकं. न वापरण्याचा निर्णय आजही तोच असेल. पण तो पार्सलमधल्या चिठ्ठीतून कळवण्यासारखा नव्हता, आधी फोन करायला हवा होता.

बदललंय ते असं. साड्या आल्या त्याच आठवड्यात धुऊन, रंग तपासून ठेवतो. ॲडव्हान्स ३० टक्के, तोही साड्या तपासून झाल्यावर. एकदा पसरलेली गोधडी निम्मे फेरे होईपर्यंत जागेवरून उचलत नाही. तारखेचं काम पुढची जागा मोकळी असेल तरच घेतो, नाहीतर नाही म्हणतो. आणि प्रदर्शन असेल तर ते आमच्याच नावाची एक ऑर्डर म्हणून रांगेत लावतो, तासांसकट, म्हणजे नव्या माणसाला तारीख सांगताना ते धरलं जाईल.

तुमची गोधडी परत पाठवा, जाण्या-येण्याचं कुरिअर आमचं. मधले सात-आठ फेरे उसवून, सपाट करून पुन्हा घालायला साधारण दहा तासांचं काम आहे. पार्सल पोचल्यापासून आठ दिवसांत परत पाठवू. पाठवण्याआधी धुऊ नका, इस्त्रीही करू नका, झोळ कुठे जमलाय ते दिसायला हवं.

हवं असेल तर सोबत अंजिरी साडीही द्या. पदराचा नऊ इंचांचा चौकोन मलमलीवर ठेवून, वरून अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर आडवे धागे टाचून धरता येतो. तो गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात बसवून देऊ, त्याचे पैसे नाहीत. द्यायची नसेल, तर निदान घडी मोडा आणि जुन्या सुती धोतरात सैल गुंडाळून ठेवा. त्याच रेषेवर आणखी एक वर्ष राहिली तर पदरही हाताला लागणार नाही.