राज्यांचे हक्क, पण कशाचे?

टेक्सासात मुलं आठवीत गेली की इतिहासात अमेरिकेतलं यादवी युद्ध, म्हणजे १८६१ ते १८६५ चं उत्तर विरुद्ध दक्षिण युद्ध, येतं. मग आपल्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो: ते युद्ध गुलामगिरीवरून नव्हतंच, राज्यांच्या हक्कांवरून आणि आयात मालावरच्या जकातीवरून होतं, तेव्हाचे अध्यक्ष लिंकन यांनी स्वतः तसं लिहिलंय, शाळा उगाच मुलांच्या मनात अपराधीपणा भरतात.

आधी हक्क. संघराज्यातून जी दक्षिणेकडची राज्यं फुटून निघाली त्यांनाच विचारू. साउथ कॅरोलायना २० डिसेंबर १८६० रोजी बाहेर पडली आणि चार दिवसांत तिनं आपली कारणं मंजूर केली. मुख्य तक्रार काय, तर उत्तरेकडची राज्यं पळून आलेले गुलाम परत देत नाहीत, उलट त्यांना वाचवणारे कायदे करतात. म्हणजे उत्तरेतल्या राज्यांनी आपला हक्क वापरला, याचाच राग! टेक्सासनं फेब्रुवारी १८६१ मध्ये लिहिलं की काळ्यांची गुलामी आमच्याकडे पुढेही कायम राहावी असाच आमच्या लोकांचा इरादा होता. बंडखोर राज्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्चमध्ये सव्हानाच्या भाषणात म्हणाले, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या सरकारची कोनशिला. तेरा वर्षांच्या पोराला हे उतारे वाचायला द्यावेत. इंग्रजी जुनाट आहे, पण शिक्षकानं वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

जकातीचं एका वाक्यात उरकतं: १८५७ चे दर कमी, दक्षिणेच्या सोयीचे होते, आणि वाढीव दरांच्या मॉरिल कायद्यावर २ मार्च १८६१ रोजी सही झाली तेव्हा सात राज्यं आधीच गेली होती.

लिंकनचं पत्र खरं आहे. ऑगस्ट १८६२ मध्ये संपादक होरेस ग्रीलींना त्यांनी कळवलं की एकही गुलाम न सोडवता संघराज्य वाचत असेल, तर मी तेही करीन. पण उत्तर का लढली, याचं हे उत्तर झालं. दक्षिण का फुटली हा प्रश्नच वेगळा. शिवाय सगळी माणसं सगळीकडे मुक्त असावीत ही आपली वैयक्तिक इच्छा त्याच पत्राच्या शेवटी आहे. तेवढंच वाक्य मजकुरातून बरोबर गळतं. गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदाही त्यांनी महिनाभर आधी मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता.

राहिला अपराधीपणा. रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशानं मे १८६२ मध्ये 'प्लांटर' हे बंडखोरांचं जहाज चार्ल्सटन बंदरातून त्यांच्याच तोफांसमोरून पळवलं, बायकामुलांसकट. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. हे ऐकून कुठलं मूल खजील होईल? आणि आपण मराठी लोकांनी तरी कानांवर हात का ठेवावेत? जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच.

बरं, शाळा हे काही चोरून शिकवत नाही. टेक्सासच्या शिक्षण मंडळानं २०१० मध्ये कारणांच्या यादीत गुलामगिरीला शेवटी बसवलं होतं. २०१८ मध्ये त्याच मंडळानं गुलामगिरीचा विस्तार हे मध्यवर्ती कारण म्हणून अभ्यासक्रमात घातलं.